लोकसंख्या रचना आणि स्थलांतर: जिल्ह्याचा प्रकल्प पायरीपायरीने

भूगोलाच्या प्रकल्पवह्या तपासताना एक गोष्ट हमखास दिसते. जिल्ह्याचं नाव झाकलं, तर निष्कर्ष कुठला ते ओळखता येत नाही. सगळीकडे तोच ‘रुंद तळाचा मनोरा’ (वयोगटांनुसार स्त्री-पुरुषांच्या आडव्या पट्ट्यांचा आलेख) आणि तीच ‘रोजगार, शिक्षण, विवाह’ ही तीन कारणं. मनोरा एका पानावर, स्थलांतर दुसऱ्या पानावर आणि दोघांची गाठ कुठेच नाही.

चूक क्रमात आहे. बहुतेक जण कारणं आधी लिहून मोकळे होतात आणि मनोरा नंतर सजावटीपुरता चिकटवतात. खालचा क्रम उलटा आहे: आधी मनोरा, मग त्यातून निघणारे प्रश्न, मग स्थलांतराचे तक्ते आणि कारणं अगदी शेवटी. उदाहरणासाठी रत्नागिरी आणि मुंबई शहर हे जिल्हे घेतले आहेत, कारण दोघांचे आकडे एकमेकांशी बोलतात. तुमचा जिल्हा कोणताही असो, पायऱ्या याच.

## १. तयारी: तक्ते, वर्ष आणि हद्द

जनगणनेच्या संकेतस्थळावरून जिल्ह्याचे पुढचे तक्ते उतरवून घ्या.

- सी-१४: पाच-पाच वर्षांच्या वयोगटांनुसार स्त्री-पुरुष, ग्रामीण आणि नागरी
- सी-१३: एकेका वर्षाच्या वयानुसार लोकसंख्या
- डी-२: मागील वास्तव्याच्या ठिकाणानुसार स्थलांतरित
- डी-३: स्थलांतराची कारणं

सी-१४ हा २००१ आणि २०११ अशा दोन्ही वर्षांचा हवा. एकाच वर्षाच्या मनोऱ्यावरून स्थलांतर सिद्ध करता येत नाही, ते का हे सातव्या पायरीत येईल. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे या लेखातले आकडे २०११ चे आहेत. वहीत प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष लिहा. ‘सध्याची लोकसंख्या’ म्हणून २०११ चा आकडा देणं ही तोंडी परीक्षेत हमखास पकडली जाणारी चूक आहे.

हद्द तपासायला विसरू नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यामुळे २०११ च्या तक्त्यात ‘ठाणे’ म्हणजे अखंड ठाणे. आजचा ठाण्याचा नकाशा काढून त्यावर २०११ चे आकडे भरले, की सगळी घनता चुकते.

सावधान: २०११ चे हंगामी (म्हणजे आधी जाहीर झालेले, तात्पुरते) आणि अंतिम असे दोन संच फिरत असतात. भारताचं लिंग गुणोत्तर (दर हजार पुरुषांमागे स्त्रिया) हंगामी संचात ९४० होतं, अंतिम संचात ९४३. महाराष्ट्राचं ९२५ आणि ९२९. एका वहीत एकच संच वापरा, तोही अंतिम.

## २. आकडे साफ करणं

सी-१४ मध्ये सगळ्यात वरची ओळ ‘सर्व वयोगट’ अशी असते. ती चुकून आलेखात गेली, की बाकीच्या पट्ट्या काडीसारख्या दिसतात. ती बाजूला काढा, पण पुसू नका, भागायला लागणार आहे.

शेवटच्या ओळीत ‘वय न सांगितलेले’ लोक असतात. त्यांना ८० वर्षांवरील गटात मिसळू नका आणि सगळ्या गटांत वाटूही नका. आलेखात घेऊ नका, खाली टीप द्या. ‘८० व त्यावरील’ हा गट उघडा आहे. तो पाच वर्षांचा नाही, म्हणून त्याची पट्टी ७५–७९ पेक्षा लांब आली तरी ‘वृद्ध अचानक वाढले’ असा अर्थ काढायचा नाही.

आता सी-१३ उघडा आणि २९, ३०, ३१ या तीन वयांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. मधला आकडा दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा भलताच मोठा दिसेल. तिशीत एकदम माणसं जन्मली असा त्याचा अर्थ नाही. वय विचारलं की लोक शून्य किंवा पाचवर संपणारा आकडा सांगतात. हे किती झालंय ते मोजण्याची सोपी पद्धत अशी: २३ ते ६२ या वयांतली ० आणि ५ वर संपणारी वयं घ्या (२५, ३०, ३५... ६०), त्यांतल्या लोकसंख्येची बेरीज करा, तिला ५ ने गुणा, २३ ते ६२ च्या एकूण लोकसंख्येने भागा आणि १०० ने गुणा. याला व्हिपलचा निर्देशांक म्हणतात. १०० आला तर वयं नीट सांगितली आहेत. ५०० आला तर प्रत्येकाने गोल आकडाच सांगितला आहे. तुमचा जिल्हा या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो ते एका ओळीत नोंदवा. हे फार कमी वह्यांत असतं आणि परीक्षकाच्या नजरेत भरतं.

तपासा: सगळ्या वयोगटांची बेरीज आणि ‘वय न सांगितलेले’ मिळून एकूण लोकसंख्या तंतोतंत यायला हवी. एका माणसाचा फरक आला तरी आकडा उतरवताना चूक झाली आहे.

## ३. टक्केवारी: कशाने भागायचं?

प्रकल्पाची गाडी सर्वांत जास्त वेळा घसरते ती इथे.

समजा, एका तालुक्याची लोकसंख्या २,००,००० आहे. त्यात पुरुष ९८,००० आणि २०–२४ वयोगटातले पुरुष ७,४००. एकूण लोकसंख्येने भागलं तर ३.७ टक्के. फक्त पुरुषांनी भागलं तर ७.५ टक्क्यांच्या थोडं वर. दोन्ही गणितं बरोबर आहेत, पण मनोऱ्यासाठी पहिलंच चालतं.

कारण असं, की पुरुषांना पुरुषांनी आणि स्त्रियांना स्त्रियांनी भागलं तर दोन्ही बाजू आपापल्या १०० होतात. गावातून हजारो पुरुष बाहेर गेले असले तरी डावी बाजू उजवीइतकीच भरलेली दिसते. म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा, तेच आपण भागाकारात पुसून टाकतो.

तालुका किंवा जिल्हा एकच असेल तर टक्केवारी न काढता प्रत्यक्ष आकड्यांचा मनोरा काढला तरी हरकत नाही. दोन जिल्ह्यांची किंवा ग्रामीण-नागरी तुलना असेल तर मात्र टक्केवारीच हवी.

तपासा: दोन्ही बाजूंच्या सगळ्या टक्केवारींची बेरीज मिळून १०० च्या जवळ आली पाहिजे. २०० आली तर भाजक चुकला.

## ४. मनोरा काढणं

मध्यभागी वयोगट, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. ०–४ तळाशी, ८०+ शेंड्यावर. दोन्ही बाजूंचं प्रमाण सारखंच. डावीकडे एका सेंटिमीटरला एक टक्का आणि उजवीकडे दोन, असं झालं की पुढचं सगळं वाचन फुकट जातं.

गट ‘०–५, ५–१०’ असे लिहू नका. पाच वर्षांचं मूल मग दोन गटांत जातं. ०–४, ५–९, १०–१४ असेच लिहा. पट्ट्यांची जाडी सारखी ठेवा आणि त्यांच्यात फट सोडू नका.

संगणकावर काढत असाल तर स्प्रेडशीटमध्ये पुरुषांचे आकडे ऋण करून घ्या, आडव्या रचित पट्ट्यांचा आलेख निवडा, पट्ट्यांमधलं अंतर शून्य करा आणि वयोगटांची नावं डाव्या कडेला सरकवा. शेवटी अक्षावरची ऋण चिन्हं दिसणार नाहीत अशी आकड्यांची मांडणी निवडा. ‘उणे ४ टक्के पुरुष’ असं छापून आलेल्या वह्याही असतात.

## ५. मनोरा वाचणं: खालून वर

आधी फक्त वर्णन करा. ‘कारण’, ‘मुळे’, ‘म्हणून’ हे शब्द या पायरीत वापरायचेच नाहीत.

तळ. भारताचा मनोरा ‘रुंद तळाचा’ हे वाक्य जुन्या वह्यांतून उतरत आलं आहे. २०११ चे आकडेच पाहा: ०–४ वयोगटात सुमारे ११.२८ कोटी, ५–९ मध्ये १२.६९ कोटी, १०–१४ मध्ये १३.२७ कोटी. म्हणजे देशाचा तळ तेव्हाच आत वळू लागला होता. तुमच्या जिल्ह्यात खालच्या तीन पट्ट्यांचा क्रम काय आहे ते पाहूनच लिहा. तळ आखडण्याचं मुख्य कारण जन्मदर घटणं हे असतं, शिवाय तान्ही मुलं मोजणीतून सुटतात. स्थलांतराला इथे लगेच जबाबदार धरू नका.

मधला भाग. २० ते ३९ च्या चार पट्ट्या हा प्रकल्पाचा गाभा. इथे डावी बाजू आत गेलेली आहे की बाहेर आलेली? उजवी बाजू तिच्यासोबत हलते की जागेवर आहे? प्रत्येक वयोगटासाठी ‘हजार पुरुषांमागे किती स्त्रिया’ हे काढून पट्टीशेजारी लिहा. नुसत्या नजरेने जे निसटतं ते या आकड्यांत सापडतं.

शेंडा. उतारवयात स्त्रिया जास्त असणं बहुतेक ठिकाणी दिसतं, कारण त्या सरासरीने जास्त जगतात.

सावधान: खाच दिसली की स्थलांतर, हे समीकरण चुकीचं आहे. जपानच्या मनोऱ्यात १९६६ साली जन्मलेल्यांची पट्टी एकदम आत गेलेली दिसते. ते पंचांगातलं ‘अग्नि-अश्व’ वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुलींबद्दलच्या अंधश्रद्धेमुळे आदल्या वर्षीपेक्षा सुमारे पाव जन्म कमी झाले. तिथे कोणीही कुठे गेलं नव्हतं.

## ६. गुणोत्तरं, आणि त्यांतले दोन सापळे

भारतात लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यांत तेच दर शंभर स्त्रियांमागे पुरुष असं असतं. भारताचं ९४३ त्या मापात १०६ होतं, केरळचं १,०८४ तिथे ९२ च्या आसपास. म्हणजे एका मापात मोठा आकडा स्त्रिया जास्त असल्याचं सांगतो, तर दुसऱ्या मापात पुरुष जास्त असल्याचं. दोन देशांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापात आणा.

दुसरा सापळा अवलंबित्व गुणोत्तराचा. आपल्याकडे कार्यशील वय बहुधा १५–५९ धरतात, आंतरराष्ट्रीय तक्त्यांत १५–६४. २०११ च्या भारतासाठी पहिल्या व्याख्येने शंभर कार्यशील व्यक्तींमागे सुमारे ६५ अवलंबित येतात, दुसऱ्या व्याख्येने ५७ च्या आसपास. माणसं तीच, आठाचा फरक व्याख्येचा. व्याख्या लिहिली नाही तर आकड्याला अर्थ नाही.

आता रत्नागिरी घ्या. २०११ मध्ये लिंग गुणोत्तर १,१२२, तर मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. यावर ‘रत्नागिरीत स्त्रियांना मान आहे’ असं लिहिलेलं अनेक वह्यांत सापडतं. थांबा आणि ०–६ वयोगटाचं बाल लिंग गुणोत्तर काढा. रत्नागिरीतही ते हजाराच्या खालीच आहे, म्हणजे लहान वयात मुलगेच जास्त. मग मोठ्या वयात पुरुष कमी कसे झाले? इथे पहिल्यांदा स्थलांतराचा प्रश्न रीतसर उभा राहतो.

## ७. दोन जनगणना शेजारी ठेवा

२००१ आणि २०११ चे मनोरे एकाच प्रमाणात काढून शेजारी लावा आणि खाच कुठे गेली ते पाहा.

दुष्काळ, साथ किंवा जन्म घटण्यामुळे पडलेली खाच त्या पिढीबरोबर वर सरकते. दहा वर्षांत ती बरोबर दोन पट्ट्या वर जाते. स्थलांतराची खाच मात्र वयाला चिकटलेली असते. माणसं बदलतात, पण विशी-तिशीचा पट्टा २००१ मध्येही आत असतो आणि २०११ मध्येही आतच. ही खूण मनोऱ्यावर दिसते आणि तिला कसलंही गणित लागत नाही.

गणितही अवघड नाही. २००१ मध्ये १०–१४ वयाचे असलेले मुलगे २०११ मध्ये २०–२४ वयाचे होतात. समजा, २००१ मध्ये ते १०,००० होते आणि २०११ मध्ये ७,२०० उरले. या वयात दहा वर्षांतले मृत्यू शंभरी दोन-तीनांच्या वर जात नाहीत. उरलेली पंचवीसएक टक्के घट बाहेर गेलेल्यांचीच म्हणावी लागते. उलट आकडा वाढून १३,००० झाला असेल तर बाहेरून माणसं आली आहेत. असं प्रत्येक वयोगटासाठी, पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळे करून काढा.

स्त्रियांच्या बाबतीत घाई नको. विवाहामुळे मुली जिल्ह्याबाहेर जातात आणि सुना आत येतात. दोन्ही प्रवाह सारखेच असले तर निव्वळ फरक शून्याजवळ येतो. ‘स्त्रियांचं स्थलांतर झालंच नाही’ हे अनुमान तिथे साफ चुकीचं ठरेल.

सावधान: लोकसंख्या घटली म्हणजे एकच गोष्ट घडली असं नसतं. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्हा सुमारे ४.८ टक्क्यांनी घटला आणि मुंबई शहर जिल्हा सुमारे ७.६ टक्क्यांनी. रत्नागिरीत विशी-तिशीतले पुरुष कमी दिसतात. मुंबई शहरात पुरुषांचंच पारडं जड आहे आणि तरी लोकसंख्या घटते. तिथली कुटुंबं उपनगरांकडे आणि ठाण्याकडे सरकली. उणे चिन्ह सारखं, गोष्ट वेगळी.

## ८. आता स्थलांतराचे तक्ते

पहिला प्रश्न: स्थलांतरित म्हणायचं कोणाला? जनगणनेत दोन मापं आहेत. एक जन्मस्थानावरून, दुसरं मागील वास्तव्यावरून. सावंतवाडीत जन्मून पुण्यात दहा वर्षं राहून परत सावंतवाडीला आलेला माणूस पहिल्या मापात स्थलांतरित नाही, दुसऱ्या मापात आहे. कोणतं माप वापरलं ते लिहा आणि शेवटपर्यंत तेच धरा.

मागील वास्तव्याच्या मापाने २०११ मध्ये भारतात सुमारे ४५.६ कोटी स्थलांतरित होते. त्यांत सुमारे ३१ कोटी स्त्रिया, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश जणींचं कारण विवाह. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेले मात्र ५.४ कोटींच्या आसपासच. स्थलांतर म्हटलं की डोळ्यांपुढे लांब पल्ल्याची रेल्वे येते, पण बहुतेक हलणं राज्याच्या आतच होतं. स्थलांतराचे नियम मांडणाऱ्या रॅव्हेन्स्टाइनने १८८५ मध्ये ब्रिटनच्या आकड्यांवरून हेच मांडलं होतं: बहुसंख्य लोक जवळच जातात, आणि जवळच्या स्थलांतरात स्त्रिया जास्त असतात.

आता सर्वांत मोठी गफलत. डी तक्ता माणूस जिथे मोजला गेला तिथला असतो. रत्नागिरीच्या डी-३ मध्ये रत्नागिरीत आलेले लोक दिसतात. त्यात विवाहाचा आकडा ठसठशीत असतो आणि विद्यार्थी लिहितो, ‘रत्नागिरीतील स्थलांतराचे प्रमुख कारण विवाह’. पण मनोऱ्यात दिसलेले गायब पुरुष या तक्त्यात नाहीतच. ते मुंबईच्या आणि ठाण्याच्या तक्त्यांत ‘राज्यातील इतर जिल्हे’ या ढिगात मिसळलेले आहेत. म्हणून जिथून लोक जातात असा जिल्हा निवडला असेल तर जिथे लोक जातात त्या जिल्ह्याचा तक्ताही उघडावा लागतो. तिथे स्त्री-पुरुष वेगळे करून कारणं पाहा, चित्र एकदम बदलतं.

आणखी दोन बारकावे. एक, हा साठ्याचा आकडा आहे: चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली आजीही त्यात मोजलेली असते. अलीकडचं स्थलांतर हवं असेल तर डी-२ मधला वास्तव्याचा कालावधी पाहून ० ते ९ वर्षांतले वेगळे काढा. दोन, २०११ ची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. मोजणीचा पूर्ण काळ घराबाहेर असलेल्या माणसाची नोंद तो सापडेल तिथे होते. त्यामुळे बीडसारख्या ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यावर लिहिताना, हंगामी जाणं-येणं हे तक्ते नीट टिपत नाहीत असं स्पष्ट नोंदवा.

## ९. कारणं: सगळ्यात शेवटी

२०११ च्या तक्त्यात कारणांचे सातच रकाने आहेत: काम किंवा नोकरी, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर हलवलेले, कुटुंबासोबत आलेले आणि इतर. नवऱ्याच्या बदलीमुळे आलेली शिक्षिका ‘कुटुंबासोबत’ या रकान्यात जाते, मग ती इथे नोकरी करत असली तरी. तेव्हा ‘कामासाठी’ या रकान्यावरून काम करणाऱ्या स्थलांतरित स्त्रिया मोजू नका.

अपकर्षण (गावाबाहेर ढकलणाऱ्या) आणि आकर्षण (दुसरीकडे ओढणाऱ्या) घटकांच्या दोन याद्या समोरासमोर लिहिणं पुरेसं नाही. ‘पाण्याची टंचाई’ हा घटक संपूर्ण गावाला लागू असतो, मग गेले ते विशीतले पुरुषच का? स्थलांतराचे अभ्यासक एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये मधले अडथळेही मोजायला सांगितले, आणि तेच नेमके वहीतून गळतात: प्रवासाचा खर्च, भाषा, तिथे ओळखीचं कोणी असणं-नसणं, मागे कोण सांभाळणार. यादीतल्या प्रत्येक घटकापुढे ‘हा कोणत्या वयाला आणि कोणाला लागू?’ असा एक रकाना वाढवा. जो घटक सगळ्यांना सारखाच लागू होतो त्याने मनोऱ्याचा आकार समजत नाही.

गावात घरोघर फिरून माहिती घेणार असाल तर प्रश्न चारच ठेवा: याआधी सहा महिन्यांपेक्षा जास्त कुठे राहत होतात, कोणत्या साली आलात, का आलात, घरातलं कोण सध्या बाहेर आहे. नावं लिहू नका. आणि ‘का’ हा प्रश्न ज्याचा त्याला विचारा. घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारलं की सुनेचं कारण ‘लग्न’ आणि मुलाचं ‘काम’ असं आधीच ठरलेलं उत्तर मिळतं.

निष्कर्षातल्या प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीने तक्त्याचा क्रमांक लिहून पाहा: सी-१४, डी-३ किंवा घरोघरची पाहणी. ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ते खोडा.